पंधरा लाख फुलपाखरं नकोत, चव्वेचाळीस नावं घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही न्यू जर्सीत राहता, सिरॅमिकचं काम करता. दुसऱ्या महायुद्धात मारल्या गेलेल्या ज्यू मुलांच्या स्मरणार्थ एक कलाप्रकल्प उभा करून द्या, असं मुलीच्या शाळेने तुम्हाला सांगितलं आहे. नव्वदेक विद्यार्थी आहेत, वय ११ ते १३, आणि २७ जानेवारीपर्यंत, म्हणजे होलोकॉस्टच्या (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या) स्मृतिदिनापर्यंत, चार महिने हातात आहेत. मारल्या गेलेल्या मुलांचा आकडा सुमारे १५ लाख, म्हणून १५ लाख कागदी फुलपाखरं करावीत अशी शाळेची कल्पना आहे. हे जमेल का, कागदाऐवजी माती घ्यावी का, तेरेझिन या घेट्टोतल्या (ज्यूंच्या कोंडवस्तीतल्या) मुलांची चित्रं त्यात कशी आणावीत, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांचा धागा जोडता येईल का, हे तुम्ही विचारलंत. आणि शेवटच्या ओळीत लिहिलंत, "मी ज्यू नाही, मला हे करायचा अधिकार आहे का?"

मी हॅम्बुर्गला राहते आणि बरीच वर्षं शाळांमधल्या मुलांबरोबर मातीत काम करते. त्यात स्मारकाची कामंही येतात. त्या कामातून जे समजलं ते सांगते. तुमची शाळा कशी आहे, मुख्याध्यापक किती ऐकून घेतात, गावात ज्यू कुटुंबं किती, यावर बरंच अवलंबून राहील. माध्यम कोणतं हा प्रश्न नंतरचा. प्रकल्प संपल्यावर तुमच्या विद्यार्थ्यांना नेमकं कोण माहीत झालेलं असेल, हे आधी ठरवायला हवं.

१५ लाख भागिले ९० करून बघा. प्रत्येक मुलाच्या वाट्याला सोळा हजारांच्या वर फुलपाखरं येतात. चार महिन्यांत हे होणं शक्यच नाही. समजा आणखी शाळा जोडल्यात आणि झालं, तरी विसाव्या फुलपाखरानंतर मुलाच्या डोक्यात फक्त कात्री आणि घडी उरते. ह्यूस्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने जगभरातल्या शाळांकडून १५ लाख फुलपाखरं मागवली, त्याला अनेक वर्षं लागली, आणि ती एका मोठ्या संस्थेची मोहीम होती. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने शिक्षकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. वस्तू गोळा करून मोजणं, छळछावण्यांच्या प्रतिकृती बनवणं, शब्दकोडी सोडवणं असले उपक्रम टाळा, आकड्यांच्या मागची माणसं दाखवा, असं त्यांत सांगितलेलं आहे. हे मुख्याध्यापकांपुढे ठेवा. आपल्या शब्दापेक्षा त्याचं वजन जास्त पडेल.

फुलपाखराबद्दलही एक गोष्ट. हे चिन्ह आलं ते तेरेझिनमध्ये १९४२ साली लिहिलेल्या एका कवितेतून. लिहिणारा २१ वर्षांचा तरुण होता, पुढे आउशवित्झच्या नाझी मृत्युछावणीत मारला गेला. त्या घेट्टोत फुलपाखरं नाहीत, हे त्या कवितेचं दुखणं आहे. आज त्याच कवितेच्या नावाने रंगीबेरंगी फुलपाखरांनी भिंती भरतात. सॅन दिएगोतून सुरू झालेल्या एका उपक्रमात सिरॅमिकच्या प्रत्येक फुलपाखरासोबत मारल्या गेलेल्या एका मुलाची माहिती दिली जाते. तो मार्ग मला पटतो, कारण तिथे फुलपाखराला धरून एक नाव येतं. तुम्हाला फुलपाखरू ठेवायचंच असेल तर निदान तसं करा. मी मात्र ठेवणार नाही.

आता तेरेझिन. प्रागच्या उत्तरेला असलेलं हे जुनं लष्करी गाव १९४१ च्या नोव्हेंबरपासून नाझींनी ज्यूंचा घेट्टो केलं. तिथून गाड्या पूर्वेकडे जात, बऱ्याचशा आउशवित्झला. व्हिएन्नात जन्मलेली, बाउहाउस या जर्मन कलाशाळेत योहानेस इटेन यांच्या हाताखाली शिकलेली फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथे आली. माणशी ५० किलो सामानाची परवानगी होती, त्यात तिने चित्रकलेचं साहित्य भरलं. शाळा घ्यायला बंदी होती, चित्रं काढायला नव्हती. तिने मुलांच्या वसतिगृहांमधून वर्ग चालवले. कचेरीतल्या टाकाऊ फॉर्मच्या पाठीवर मुलं कोलाज करायची. आधी हात मोकळा करणारे तालाचे सराव, मग खरखरीत आणि गुळगुळीत यांतला फरक, मग व्हर्मेरसारख्या चित्रकारांच्या चित्रांवरून कागद फाडून रचना. ज्या दिवसांत आज इथे असलेलं मूल उद्या गाडीत असायचं, त्या दिवसांत ही बाई रेषेचा दाब आणि जागेचं भान शिकवत होती. मुलांनी चित्रावर सही करावी हा तिचा आग्रह असे.

१९४४ च्या सप्टेंबरात तिच्या नवऱ्याला पुढे पाठवलं. तिने स्वतःहून पुढच्या गाडीत नाव दिलं आणि ऑक्टोबरमध्ये आउशवित्झ-बिर्केनाऊत ती मारली गेली. नवरा वाचला. जाण्याआधी मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवलेली होती. युद्धानंतर तेरेझिनमधून वाचलेले विली ग्रोग यांनी ती प्रागच्या ज्यू समाजाकडे पोचवली. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयाकडे आहेत. काही पिंकास सिनेगॉगमध्ये लावलेली आहेत, आणि त्याच इमारतीच्या भिंतींवर बोहेमिया-मोरावियातल्या ७७ हजारांहून अधिक बळींची नावं हाताने लिहिलेली आहेत.

ही चित्रं तुम्ही नीट बघा. आपण गृहीत धरतो तशी काटेरी तार आणि पहारेकरी त्यांत फार थोडे सापडतात. फुलदाणी, टेबलाभोवती बसलेलं घर, झोपाळा, दुमजली पलंग, शेतातून जाणारी वाट, हेच जास्त. चित्रांवरच्या सह्यांमुळे बहुतेक चित्रांची मुलं आज ओळखता येतात. हे लक्षात घेतलंत तर तुमच्या प्रकल्पाची दिशा आपोआप ठरते. मुलांना भीषण चित्रं काढायला लावू नका, आणि नाव गाळू नका. तेरेझिनची चित्रं छापून किंवा मातीवर उमटवून वापरायची तर संग्रहालयाची लेखी परवानगी लागेल. चार महिन्यांत त्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. फ्रीडलची शिकवण्याची रीत घ्या, चित्रं त्यांच्या जागी राहू द्या.

मग नावं कोणाची घ्यायची? १५ लाखांतून चाळीस-पन्नास निवडायची म्हटलं की कोणाला घेतलं, कोणाला टाकलं याला उत्तर नसतं. माझ्या कामात यावर एकच तोडगा टिकला आहे: मुळातच एकत्र असलेला, संपूर्ण यादी उपलब्ध असलेला एक गट घ्यायचा आणि त्यातलं एकही नाव सोडायचं नाही.

तुमच्यासाठी मी फ्रान्समधलं इझ्यो सुचवीन. लियाँच्या पूर्वेला डोंगरात वसलेलं हे खेडं. साबीन आणि मिरों झ्लातिन या जोडप्याने १९४३ च्या वसंतात तिथे ज्यू मुलांसाठी निवारा सुरू केला. ६ एप्रिल १९४४ ला सकाळी लियाँचा गेस्टापो-प्रमुख क्लाउस बार्बी याच्या हुकमावरून गेस्टापो (नाझी गुप्त पोलीस) आली आणि ४४ मुलं आणि सांभाळणारी सात मोठी माणसं पकडून नेली. मुलं ४ ते १७ वर्षांची होती. ४२ मुलांना आउशवित्झला मारलं. मुलांतले सर्वांत मोठे दोघे आणि मिरों झ्लातिन यांना एस्टोनियात गोळ्या घातल्या. ४४ पैकी एकही मूल परत आलं नाही. साबीन त्या दिवशी बाहेर होत्या. १९८७ साली लियाँमध्ये बार्बीवर खटला चालला तेव्हा त्या साक्षीला उभ्या राहिल्या. १९९४ पासून ते घर स्मारक-संग्रहालय आहे. प्रत्येक मुलाची माहिती त्यांच्याकडे आहे, अनेकांचे फोटो आहेत, मुलांनी घरच्यांना लिहिलेली पत्रं आणि काढलेली चित्रं शिल्लक आहेत. तुमचे विद्यार्थी नव्वद. एका नावावर दोघे धरले तर ८८ झाले. उरलेले दोघे मोठ्यांची नावं आणि शीर्षक-फलक करतील. तारीखही २७ जानेवारीवरून ६ एप्रिलच्या सुमारास न्या. तुम्हाला दोन महिने जादा मिळतील, आणि दिवस त्या मुलांचा असेल. मात्र तो शुक्रवारची संध्याकाळ किंवा शनिवार नाही ना, पेसाखच्या सणात येत नाही ना, हे आधी बघा.

नावं तपासणं हे या कामातलं सर्वांत मोठं काम आहे, आणि बहुतेक लोक ते एका दुपारीत उरकतात. मी जिथे राहते तिथलं उदाहरण देते. हॅम्बुर्गमध्ये बुलेनहुझर डाम नावाच्या रस्त्यावर एक शाळा आहे. जवळच्या नॉयेनगामे छळछावणीत एका डॉक्टरने क्षयरोगाच्या प्रयोगांसाठी आउशवित्झहून २० ज्यू मुलं मागवली होती, दहा मुलगे, दहा मुली, वयं ५ ते १२. युद्ध संपायला आल्यावर पुरावा नष्ट करायचा म्हणून २० एप्रिल १९४५ च्या रात्री या शाळेच्या तळघरात त्या मुलांना फासावर लटकवलं. पुढे ती इमारत पुन्हा शाळा म्हणून वापरात आली. ही मुलं कोण, हे तीसेक वर्षं कोणी शोधलंच नाही. मग गुंटर श्वार्बर्ग या पत्रकाराने एकेक कुटुंब हुडकायला घेतलं. एका मुलाचं तर नुसतं आद्याक्षर, चुकीचं लिहिलेलं आडनाव आणि युगोस्लाव्हिया इतकीच नोंद होती. त्याची बहीण २०१५ साली सापडली. मुलाचं नाव वाल्टर युंगलाइब, आणि तो स्लोव्हाकियाचा होता. एका अक्षराच्या चुकीमुळे एका बहिणीला सत्तर वर्षं भाऊ कुठे गेला हे कळलं नव्हतं. म्हणून मी शाळेतल्या मुलांकडून प्रत्येक नाव दोन ठिकाणांहून पडताळून घेते. जेरुसलेममधल्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेच्या सूचीत ४५ लाखांहून अधिक नावं आहेत, शोध ऑनलाइन घेता येतो. दुसरी खातरजमा इझ्योच्या संग्रहालयाशी करा. दोन ठिकाणी स्पेलिंग वेगळं आलं तर संग्रहालयाला पत्र लिहा आणि उत्तर येईपर्यंत ती टाईल भट्टीत घालू नका. हे पत्र विद्यार्थ्यांनीच लिहावं. बारा वर्षांच्या मुलांना हे काम फार मनापासून करताना मी पाहिलं आहे.

आता माती, जी तुमची आहे. टाईल बाहेरच्या भिंतीवर लागणार असेल तर शाळेच्या भट्टीतली नेहमीची लाल माती चालणार नाही. न्यू जर्सीच्या थंडीत टाईलमध्ये शिरलेलं पाणी गोठतं आणि दोन-तीन हिवाळ्यांत पापुद्रे सुटतात. एका मुलाचं नाव असलेला तुकडा गळून पडणं आपल्याला परवडणारं नाही. १,२२० अंश सेल्सियसच्या आसपास भाजणारं स्टोनवेअर घ्या, पाणी शोषण दोन टक्क्यांच्या आत असलेलं. शाळेची भट्टी तिथवर जात नसेल तर भाजणी बाहेरून करून घ्या, किंवा भिंत आतली निवडा. १५ सेंटीमीटरची ओली टाईल भाजून साधारण १३ वर येते, त्यामुळे अक्षरांचे ठसे थोडे मोठेच घ्या. टाईल वाकू नये म्हणून दोन फळ्यांमध्ये कागद घालून, घाई न करता, सावकाश सुकवा.

ठशांबद्दल नीट सांगते. बाजारात मिळणारे अक्षरांचे ठसे इंग्रजी वळणाचे असतात. इझ्योच्या मुलांची नावं फ्रेंच, जर्मन, पोलिश. फ्रेंच अक्षरावरची तिरकी रेघ, जर्मन अक्षरावरचे दोन ठिपके त्या संचात नसतात, आणि मुलं सहज म्हणतात, "राहू दे, कळतंय की." तिथे थांबायचं. माती लेदर-हार्ड (अर्धवट सुकून चामड्यासारखी घट्ट) झाली की बारीक सुईने ती रेघ, तो ठिपका द्यायचा. आधी कागदावर तीनदा, मग मातीवर एकदा. पुढे अक्षरांच्या खाचेत काळं अंडरग्लेझ (मातीवर लावायचा भाजणीचा रंग) भरून वरचा भाग ओल्या स्पंजाने पुसून घ्या, नाव स्वच्छ उठून दिसतं. टाईलवर नाव, जन्मगाव आणि त्या दिवशीचं वय, एवढंच लिहा. करणाऱ्यांची आद्याक्षरं मागच्या बाजूला जाऊ द्यात.

चित्राचं काय? त्या मुलाबद्दल जे खरोखर माहीत आहे तेवढंच चित्रात येऊ द्या. पत्रात आईकडे काही मागितलं असेल, फोटोत हातात काही असेल, तर ती वस्तू, साध्या रेषेत. काहीच माहीत नसेल तर नावाखालची माती कोरी ठेवा. याला विरोध होईल. मुलांना रिकामी जागा सोसत नाही, ती तिथे हृदय, कबुतर, इंद्रधनुष्य काढायला जातात. पालकही म्हणतील, बिचाऱ्याच्या टाईलवर काहीच नाही. तुम्ही ठाम राहा. त्या मुलाचं सगळं किती पूर्णपणे पुसलं गेलं, हे ती कोरी टाईल सांगते. तिच्यापुढे येणारा माणूस जास्त वेळ थांबतो, असा माझा अनुभव आहे.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: एक संपूर्ण गट, पडताळलेली नावं, टिकणारी माती, आणि माहीत आहे तेवढंच चित्र.

मुलांना किती सांगायचं, हे वयावर आहे. ११-१३ च्या मुलांना "मारलं" हा शब्द सांगावा. "हरवली", "गेली" अशी मऊ भाषा वापरली की तेच दहा प्रश्न विचारतात आणि मग इंटरनेटवर उत्तर शोधतात. कसं मारलं याचे तपशील आणि प्रेतांचे फोटो मात्र या वयाला नकोत. "समज, तू त्या गाडीत आहेस" असा खेळ कधीही करू नका. पिवळा तारा मुलांच्या अंगावर लावू नका, सजावटीतही वापरू नका. १९४१ च्या सप्टेंबरपासून जर्मनीत आणि बोहेमिया-मोरावियात सहा वर्षांवरच्या ज्यूंवर तो सक्तीने लादलेला शिक्का होता. बुटांचे ढीग, सुटकेस, रेल्वेचे रूळ यांपासूनही दूर राहा. बुडापेस्टला डॅन्यूबच्या काठी लोखंडी बूट आहेत, ते तिथे शोभतात, कारण त्याच काठावर लोकांना उभं करून गोळ्या घातल्या होत्या. तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात तेच बूट नाटकी वाटतील. वर्गात एखादं मूल नुकतंच घरातला मृत्यू बघून आलेलं असतं, एखादं युद्धातून पळून आलेल्या कुटुंबातलं असतं. सुरुवातीलाच पालकांना पत्र पाठवा आणि ज्याला नको असेल त्याला कारण न विचारता माती मळण्याचं, टाईल कापण्याचं काम द्या.

वळिवड्याबद्दल. १९४३ ते ४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, हे खरंच आणि अभिमानाचं आहे. पण ती माणसं सोव्हिएत युनियनमधल्या हद्दपारीतून आलेली होती, बहुसंख्य कॅथलिक. जामनगरजवळच्या बालाचडीत राहिलेल्या पोलिश मुलांबद्दलही "भारताने वाचवलेली ज्यू मुलं" असे संदेश फिरतात, ते बरोबर नाहीत. दोन वेगळ्या यातना एका भिंतीवर मिसळल्या तर दोन्हींवर अन्याय होतो. वळिवड्यावर काम करायचं असेल तर ते कोल्हापुरात, वेगळं करा. मी आनंदाने मदत करीन.

अधिकाराचा प्रश्न तुम्ही शेवटी एका ओळीत टाकलात, पण तो आधी सोडवायचा आहे, आणि तो माझ्या उत्तराने सुटणार नाही. पहिली टाईल कापण्यापूर्वी जवळच्या सिनेगॉगशी आणि तिथल्या होलोकॉस्ट शिक्षण केंद्राशी बोला. न्यू जर्सीत १९९४ पासून हा विषय शाळांत सक्तीचा आहे, त्यामुळे माणसं सापडतील. आराखडा घेऊन जा, ठरलेला निर्णय घेऊन जाऊ नका. ते काही बदलायला सांगतील, ते बदला. कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या शेजारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपण माणसं. त्या ओळखीमुळे आपल्याला आपलेपणा वाटतो, तो खरा आहे. पण आलिबागच्या त्या ज्यू कुटुंबांचा इतिहास हा नव्हे, म्हणून त्याचा दाखला देऊन इथे जागा मागू नये. तुमच्याकडे हात आणि भट्टी आहे, आणि त्या मुलांच्या नावांना ते लागणार आहेत. मला तेवढं पुरेसं वाटतं. तुमच्या गावातल्या ज्यू लोकांनाही ते पुरेसं वाटलं की कामाला लागा.

भिंत कोणाची आणि पंधरा वर्षांनी तिची देखभाल कोण करणार, हे शाळेकडून लेखी घ्या. शाळा रंगवल्या जातात, पाडल्या जातात. टाईल सिमेंटमध्ये कायमच्या बसवण्याऐवजी स्टीलच्या पट्टीवर स्क्रूने लावल्या तर इमारत गेली तरी त्या काढून दुसरीकडे नेता येतात. खर्च थोडा वाढतो, तो करा.

उद्घाटनाला भाषणं कमीत कमी ठेवा. ज्या दोघांनी टाईल केली त्यांनीच ते नाव, गाव आणि वय मोठ्याने वाचावं. उच्चारांची तालीम दोन आठवडे आधी सुरू करा, फ्रेंच आणि पोलिश येणारं कोणी गावात शोधून ठेवा. कद्दिश (मृतांसाठीची ज्यू प्रार्थना) म्हणायचं की नाही, आणि कोणी म्हणायचं, ते सिनेगॉगवर सोडा. फुलांची रास नको. ज्यू रीतीने लोक कबरीवर छोटा दगड ठेवतात, हवं तर भिंतीखाली त्यासाठी एक कट्टा करून घ्या. यादी हातात आली आणि भिंतीचं माप कळलं की इथेच लिहा. ४४ टाईल कशा लावायच्या ते ठरवायला मदत करीन. मी वयाने लावते, सर्वांत लहान मूल बघणाऱ्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.